नंदीचा उजवा कान

आमच्या ह्यांना दोन सदऱ्यांतला एक निवडायला सांगा. अर्धा तास गेला म्हणून समजा. दोन्ही पांढरे असले तर पाऊण तास. शेवटी दोन्ही हातांत दोन सदरे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहणार आणि म्हणणार, "यशोदा, कोणता घालू?" मी अडतीस वर्षं हे पाहून राहिले आहे. आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. आता नुसतं बोट दाखवते आणि पोळी उलटवते.

यांचं नाव बंडोपंत. आमच्या समुद्रपूरला चौतीस वर्षं कारकुनी केली. अक्षर मोत्यासारखं, वेळेचे पक्के, खिशाला कायम दोन पेनं. हातातून गेलेल्या प्रत्येक कागदाखाली एकच वाक्य लिहायचे, 'योग्य निर्णयासाठी सादर.' निर्णय साहेबांचा, सादर करणं यांचं. "चौतीस वर्षांत माझ्यावर एक ठपका नाई," असं अजून अभिमानाने सांगतात. अहो, ठपका यायला काहीतरी करावं लागतं!

मला पाहायला आले तेव्हाही हेच. माझ्या बाबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर हे म्हणाले, "आमचे बाबा म्हणतील तसं." मी समोर पोह्यांची बशी घेऊन उभी. ती बशी तेव्हाच परत आत न्यायला हवी होती.

पण नेली नाही. माणूस वाईट नाही हो. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मी शाळेत शिकवायची, तर माझ्या पिशवीत रोज सकाळी पाण्याची बाटली भरून ठेवायचे. बाटली कोणती भरू ते मात्र विचारून.

सेवानिवृत्त झाले आणि आमच्या देवेंद्रने पुण्याहून मोठा फोन पाठवला. तिथून सगळं सुरू झालं. दिवसभर त्यात लाकूड तासणारी माणसं पाहायचे. एक दिवस जेवताना जाहीर केलं, "मी सुतारकाम शिकणार आहे." मला बरंच वाटलं. म्हटलं, पायात पायात येणं तरी थांबेल.

सुतारकामाला पहिली लागते पटाशी, म्हणजे लाकूड सोलायची, खाच पाडायची ती सपाट पात्याची, लाकडी मुठीची छिन्नी. आता फोनमधला एक जण म्हणे, एकच घ्या पण चांगली घ्या. दुसरा म्हणे, सहा तरी हव्यात, पाव इंचापासून इंचापर्यंत. एक म्हणे धार पंचवीस अंशांची, दुसरा म्हणे तीस. एक पातं असं धरतो, दुसरा उलटं करून धरतो. यांनी वहीत रकाने पाडले. वही भरत गेली आणि यांचा चेहरा उतरत गेला. रात्री झोपेत "पंचवीस, पंचवीस" म्हणायचे.

बसने वर्ध्याला तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला दुकानदाराने साधा प्रश्न विचारला, "काका, करायचं काय आहे तुम्हाला?" घोडं तिथेच अडलं. रिकाम्या हाताने परत. दुसऱ्या खेपेला किमतींची यादी घेऊन परत. तिसऱ्या खेपेला सहा पटाशांचा डबा घेऊन आले, कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेला.

"वा! निवडल्या एकदाच्या," मी म्हटलं.

"मी नाई. दुकानदार म्हणाला, हेच घ्या."

तो डबा टीव्हीखाली ठेवला. उघडला नाही. कारण नवी पटाशी धार न लावता वापरायची नाही, आणि धार कशी लावायची यावर फोनमधल्या माणसांचं एकमत नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

मीच मग म्हटलं, "फोनमधल्या मेल्यांना काय विचारता? पलीकडच्या गल्लीत कवडू आहे ना."

कवडू म्हणजे आमच्याकडचा जुना सुतार. वय सत्तरच्या पुढे. निम्म्या समुद्रपुरातल्या दारांच्या चौकटी त्याच्या हातच्या. आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, ते तर विचारूच नका. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघरी नेतात. कवडूचा नंदी लांबूनच ओळखू यायचा, मान थोडी वळलेली, आत्ता हंबरेल अशी. पण तीन वर्षांत त्याने एकही केला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू. लोक तोंडावर बोलायला लागले होते की कवडू संपला. ते त्याला फार लागायचं.

हे वही घेऊन त्याच्याकडे गेले. कवडूने वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि परत दिली.

"बाबूजी, हे कागदाचं काम नाई. बसा इथं."

त्याच्याकडे पटाशा चारच होत्या, खाकी कापडात गुंडाळलेल्या. मुठी घामाने काळ्या पडलेल्या. त्याने दाखवलं ते असं. सपाट तासायचं तर पात्याची सपाट बाजू लाकडावर. खोलगट कोरायचं तर उताराची बाजू खाली. लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच जायचं, उलटं गेलं की चिरफळी उडते. एका हाताने रेटायचं, दुसऱ्याने आवरायचं, आणि दोन्ही हात धारेच्या मागे.

"पण कवडू, अंश किती?" हे विचारायचे.

"कायचे अंश? कापते का पाहाचं. कापते त झालं."

घरी येऊन मला म्हणायचे, "मले तर आधीपेक्षा जास्त गोंधळल्यासारखं होऊन राह्यलं." तरी रोज जायचे. महिन्याभरात एक खुंटी केली. वाकडी होती. मी तिला पिशवी अडकवते.

आषाढात कवडूचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, वर्ध्याच्या दवाखान्यात. त्यानंतर महिनाभर मुलीकडे राहायचं, धूळ नाही, वाकणं नाही. जायच्या आदल्या दिवशी तो खाकी गुंडाळी घेऊन आमच्याकडे आला.

"बाई, हे तुमच्याकडं ठेवा. घरी ठेवलं त माही सून गुळाची ढेप फोडते यानं. नुसतं तेलाचं बोट लावजा, जंग नाई लागला पायजे." आणि जरा थांबून म्हणाला, "डोळ्यानं दिसलं का यंदा नंदी करतो. अंकितासाठी. मंग पाहू कोन म्हनते कवडू संपला."

अंकिता त्याची नात. सात वर्षांची. तिने आजाचा नंदी कधी ओढलाच नव्हता, कळत्या वयात.

यांनी पटाशा देवासारख्या जपल्या. रोज तेल. रोज फडकं. आणि तिथेच घात झाला. रोज हाताळता हाताळता एक दिवस यांनी देवेंद्रच्या जुन्या कंपासपेटीतला गुण्या काढला आणि धारेला लावला.

"यशोदा, हे पाह्य. धार तिरपी आहे. चारही पटाशांची. एकाच बाजूले."

"असेल. तुम्हाला काय करायचंय?"

"अगं, धार काटकोनात पाह्यजे. सगळेच्या सगळे सांगतात. एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे!"

बघा, अडतीस वर्षांत ज्या माणसाला सदरा ठरवता आला नाही, त्याने त्या दिवशी ठरवलं. मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गुंडाळी पिशवीत घालून बसने शेजारच्या जाम गावाला गेले. तिथे चौकात एक मशीनवाला आहे, ट्रकवाल्यांची लोखंडाची कामं करतो. फिरत्या दगडावर त्याने दहा मिनिटांत चारही पटाशा सरळ करून दिल्या. ठिणग्या उडाल्या म्हणे दिवाळीसारख्या.

घरी आले ते छाती फुगवून. पटाशा ओळीने मांडल्या. आरशासारख्या चकचकीत, आणि धारेपाशी मोरपिसासारखी निळी झाक. गुण्या लावला, काटकोन!

"कवडू आला की खूश होईल," हे म्हणाले.

आणि खोटं कशाला बोलू, मीपण म्हणाले, "छान दिसतात हो." मला काय कळतंय!

पोळ्याला वीस दिवस राहिले असताना कवडू परत आला. काळा चष्मा लावून. ओसरीत बसून चष्मा काढला आणि आधी माझ्याकडेच पाहिलं.

"बाई, केस पांढरे झाले तुमचे?"

"तीन वर्षं झाली," मी म्हटलं. आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण पुढे बरेच दिवस हसू नव्हतं.

शिवणीच्या लाकडाचा ठोकळा तो सोबतच घेऊन आला होता. म्हणे, तुमच्याच ओसरीत करतो, घरी सून धुरळ्याच्या नावानं ओरडते. मी पटाशा आणून दिल्या. त्याने गुंडाळी उघडली. एक उचलली. डोळ्यांजवळ नेली. आता त्याला दिसत होतं. अंगठा धारेवरून आडवा फिरवला. मग दुसरी. तिसरी. चौथी. पहिली पटाशी ठोकळ्यावर टेकवून लाकडी मोगरीने एक ठोका दिला. धार वर करून पाहिली. ती दुमडली होती.

"याचं पानी उतरलं," तो हळूच म्हणाला. "मशीनवर तापून निळी पडली का लोखंड मऊ होते. आता ह्या फक्त लोनी कापतीन." त्याने पटाशी खाली ठेवली. "कोनं केलं हे? माह्या सुनेनं नेलत्या काय इथून?"

माझ्या मनात काय आलं ते सांगते, लाज वाटली तरी. वाटलं, हो म्हणावं. नाहीतर म्हणावं, त्या जामच्या मशीनवाल्याने बिघडवल्या. तोही होताच की त्यात! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सदरे हातात घेऊन पाहतात अगदी तसंच. मी तोंड उघडलंसुद्धा.

"नाई कवडू," हे म्हणाले. "सुनेनं नाई नेल्या. मी नेल्या जामले. तो मशीनवाला विचारत होता, काका, पाणी मारत हळू करू का. मीच म्हटलं, बस निघून जाईल, लवकर कर. धार तिरपी दिसली म्हणून मीच ठरवलं. कोणाले विचारलं नाई."

कवडूने ठोकळा बाजूला सारला. मग उठला. चहा ठेवलेला होता, तोही न घेता निघून गेला. ठोकळा आणि पटाशा ओसरीतच राहिल्या.

मला रडू यायला लागलं आणि रागही. "आयुष्यात एक गोष्ट ठरवली, ती ही!" मी ओरडले. हे जेवले नाहीत. सकाळी उठून पाहते तर घरात नाहीत. कवडूच्या दारात जाऊन उभे होते. पुढचं मला त्याच्या सुनेने सांगितलं. कवडू भिंतीकडे तोंड करून पडलेला आणि हे दारातून विचारतात, "कवडू, नुकसान मी केलं. सुधारायचं कसं तेवढं सांग." तासभर त्याने ढुंकून पाहिलं नाही. हे हलले नाहीत. शेवटी तो उठला आणि धार लावायचा खरबरीत दगड ह्यांच्या हातात आदळला.

"निळं संपेपर्यंत घासा. हातानं. पानी टाकत. मशीनचं नाव काढू नका."

मग आमच्या घरात दुसरा आवाजच राहिला नाही. खर्र, खर्र. सकाळच्या चहापासून ते दिवेलागणीपर्यंत. यांच्या बोटांना फोड आले, फुटले, त्यावर पट्ट्या आल्या. मी हळदीचं तेल लावायची आणि बडबडायची. लोखंड काही ऐकत नव्हतं. एक केसभर निळाई जायला अर्धा दिवस. कवडू दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, कोपऱ्यात बसला, पाहत राहिला. चौथ्या दिवशी म्हणाला, "कोपर वर घ्या." पाचव्या दिवशी चहा घेतला. मी आत जाऊन देवापुढे दोन उदबत्त्या लावल्या.

आठव्या दिवशी तीन पटाशांची निळाई संपली. चौथी, सगळ्यांत रुंद, तिचं निळं फारच वर चढलं होतं. ती गेली ती गेलीच.

आता प्रश्न आला, धार सरळ ठेवायची का होती तशी तिरपी?

"तुझी तिरपी काऊन होती?" यांनी विचारलं.

"माहा अंगठा मोडलता चौकटीखाली. जोर एकाच बाजूले पडते. म्हून झाली असन." मग कवडू स्वतःच गोंधळला. "का मंग मोतीबिंदूनं दिसे नाई, म्हून वाकडी घासल्या गेली? बाबूजी, आता मलेच समजून नाई राह्यलं."

दोघं म्हातारे तीन पटाशा पुढ्यात घेऊन चूप बसले. एकाला आधीपासून कळत नव्हतं, दुसऱ्याला आता कळेनासं झालं होतं. मला हसू आवरेना. शेवटी कवडू म्हणाला, "एक तिरपी करा, दोन सरळ ठेवा. पाहू हात काय म्हनते."

हाताने काय म्हटलं ते आजवर मला समजलं नाही. कधी ही उचलायचा, कधी ती, आणि शिव्या तिन्हींना द्यायचा. पण शिवणीच्या ठोकळ्यातून मान वर यायला लागली. पाठीला रुंद पटाशी हवी होती, तेव्हा हे आत गेले आणि टीव्हीखालचा डबा घेऊन आले. कवडूने प्लास्टिक टराटरा फाडलं.

"लोनचं घालून ठेवलं होतं काय?" इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थट्टा केली त्याने. एक इंचाची काढली, मागची बाजू दगडावर दिवसभर घासली आणि पाठ तासून काढली. साय निघावी तशी ढलपी निघत होती.

पोळा अमावस्येला. अमावस्येला कवडू हत्याराला हात लावत नाही, त्याच्या बापानेही लावला नाही. आणि तान्ह्या पोळ्याला उजाडताच पोरांना नंदी सजवायला हवा. म्हणजे जे काय ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. आणि त्याच दुपारी त्याच्या डोळ्याला पाणी लागलं. सारखं पुसायचा, परत वाकायचा. सून ओरडत आली, डॉक्टरने वाकू नको म्हटलं ना! नंदी पुरा झाला होता, शिंगं, खूर, वशिंड, सगळं. फक्त उजव्या कानाच्या जागी लाकडाचा नुसता गोळा होता.

कवडूने डोळा पदराने पुसावा तसा खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला आणि पाव इंची पटाशी ह्यांच्यापुढे धरली.

"डावा मी केला. उजवा तुमी करा."

"मी? कवडू, अरे बिघडला तर? तुझं तीन वर्षांनंतरचं..."

"दिवस बुडून राह्यला बाबूजी."

ह्यांनी पटाशी घेतली. डाव्या कानाकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सपाट बाजू खाली का उताराची? किती काढू? कुठे थांबू? सगळे प्रश्न त्या एका नजरेत होते. मला काय कळणार कानातलं! तरी अडतीस वर्षांच्या सवयीने माझं बोट उठायला लागलं होतं. मी ते बोट मुठीत दाबलं, उठले आणि आत जाऊन पुरणाची डाळ निवडायला बसले. बाहेरून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग एक बारीक खसकन आला. मग दुसरा.

कान झाला. लहान झाला. डावा कसा पानासारखा पसरलेला, आणि हा मिरचीसारखा, टोकाला जरा वाकडा. कवडूने हात फिरवला, "हं," म्हणाला आणि नंदी कापडात गुंडाळून घेऊन गेला. चांगलं का वाईट, काही बोलला नाही. हे रात्रभर कूस बदलत होते.

तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे पोरांची झुंबड. बेगड, झुली, घुंगरं. अंकिता नवा परकर नेसून नंदी ओढत आली आणि मोठी माणसंसुद्धा पाहायला वाकली. मान थोडी वळलेली, आत्ता हंबरेल अशी. "कवडूचा हाये," कोणीतरी म्हणालं. कवडू मागे उभा होता, ताठ. त्याच्याकडे पाहून मला इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात अंकिता मोठ्याने म्हणाली, "आजा, याचा हा कान असा काऊन?"

सगळे कानाकडे पाहायला लागले. कवडू बोलायला गेला, त्याआधीच आवाज आला.

"तो मी केला," हे म्हणाले. खणखणीत. मी यांना इतक्या मोठ्याने घरातसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं. "तुझ्या आजाचा डोळा दुखत होता. तो कान मी केला. वाकडा झाला."

अंकिता खाली बसली. कान बोटाने चाचपला. विचार केला.

"ऐकू येते ना त्याले?"

"येते," हे म्हणाले.

"मंग झालं," असं म्हणून तिने दोरी ओढली आणि नंदी घेऊन पुढे गेली.

कवडू पोट धरून हसत होता, बऱ्या डोळ्यातूनही पाणी. माझे डोळे भरून आले, उगीच नाही म्हणत. मी ह्यांच्याकडे वळले आणि तेव्हा मला दिसलं की हे निळ्या बारीक रेघांचा सदरा घालून आले आहेत. कधी घातला कोणास ठाऊक. दुपारी मला विचारलंच नव्हतं.